डोक्याच्या मागे, डावीकडे

४ मार्च

ताई,

वर नुसतं 'ताई' लिहायला मीच सांगितलं. आमच्या बराकीतला कंपाउंडर हे पत्र लिहून देतोय. तो म्हणतो, तुरुंगातून लिहिलं म्हणून काय झालं, थोरल्या बहिणीला 'तीर्थरूप' लिहावं. मी म्हटलं, तसं लिहिलंस तर पत्र माझं नाही हे तिला पहिल्याच शब्दाला कळेल. तर अक्षर त्याचं, बोलणं माझं. तुझं उत्तर आलं की तोच वाचून दाखवणार आहे, तेव्हा त्या बेताने लिही.

वकिलाने तुला सगळं सांगितलं असेल, पण ते वकिली. माझ्या तोंडून ऐक. दुपारी मी ट्रकखाली होतो. शाळेतली शिपाईण गॅरेजवर आली, म्हणाली, पोरीला घेऊन जा, लागलंय तिला. गेलो. भिंगरी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकली होती की बोटं तशी वाकत नाहीत. फ्रॉकवर रक्त, पुढचे दोन दात नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ओळ वाचता आली नाही." सरांनी पट्टी उभी धरून बोटांवर मारली. तरी वाचेना म्हणून मान धरून तोंड बाकावर आपटलं.

चाकं खोलायचा पाना माझ्या हातातच राहिला होता. तो मास्तर फळ्यावर काहीतरी लिहीत होता, पाठमोरा. पहिला फटका डोक्याच्या मागे, डावीकडे बसला. तो तोंडावर फळ्यावर गेला आणि खाली घसरला, लिहिलेलं सगळं त्याच्या गालाने पुसलं गेलं. दुसरा खांद्यावर घातला. पोरं किंचाळायला लागली म्हणून थांबलो, असं मी वकिलाला सांगितलंय. खरं म्हणजे मी थांबलो नव्हतो. मला लोकांनी मागे ओढलं.

मला वाईट वाटत नाही, ताई. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. बरं झालं बघितलं. आपल्या मागे कोणीतरी उभं आहे हे पोरीला एकदा कळलं.

घरावर दगड पडले म्हणून दोघी मायलेकी तुझ्याकडे आल्या, हे बरं केलं. तू त्या मेंदूच्या केंद्रात असल्याच पोरांना वाचायला शिकवतेस ना? मग आता घरचीच पोर आहे, शिकव. आपल्या घराण्यात ठोंब्या म्हणून मी झालो तेवढा पुरे.

तुझा
धाकटा

(लिहिणाऱ्याकडून: 'ठोंब्या'ऐवजी 'अल्पशिक्षित' लिहू का विचारलं. डोळे वटारले. आहे तसं ठेवलं आहे.)


१७ मार्च

धाकट्या,

कंपाउंडरसाहेबांना नमस्कार. वाचताना शब्द गाळू नयेत ही विनंती, कडू औषधही पूर्ण पाजायचं असतं हे त्यांना ठाऊक असेलच.

भिंगरीची बोटं प्लॅस्टरमध्ये आहेत. दात यथावकाश बसवू. मी तिच्या सगळ्या चाचण्या घेतल्या. डोकं तल्लख आहे. तुटकं खेळण्यातलं इंजिन दिलं तर बघता बघता जोडलं, मला तर ते जमलं नसतं. पण 'कमळ' या शब्दातून 'क' काढला तर काय उरतं, असं विचारलं की गप्प. शब्द तिला अख्खा ऐकू येतो, तो आवाजांमध्ये सुटत नाही. आणि भ काय, म काय, तिला एकाच चेहऱ्याचे जुळे भाऊ वाटतात.

समजावून सांगते. आपण वाचतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर आणि कानांनी ऐकलेला आवाज यांच्यात मेंदूत एक रस्ता लागतो. हा रस्ता जन्मतः कोणालाच नसतो, शिकून पडतो. काहींचा पटकन पडतो, भिंगरीसारख्यांचा कच्चाच राहतो. तिथून पुन्हा पुन्हा जावं लागतं, तेही डोळे, कान, हात, तोंड सगळ्यांना बरोबर घेऊन. म्हणून मी वाळूच्या ताटात तिच्या डाव्या हाताच्या बोटाने अक्षर काढायला लावते आणि काढता काढता त्याचा आवाज तोंडाने म्हणायला लावते.

काल तिने ते ताट मला फेकून मारलं. भुवई फाटली, टाके पडले. त्याआधी दोनदा चावली आहे. रक्त पाहिल्यावर ती टेबलाखाली शिरली आणि दोन्ही हात डोक्याच्या मागे घट्ट बांधून बसली. मी खाली वाकले तर लहान जनावरासारखी गुरगुरली. तिला बाहेर काढायला तिच्या आईला यावं लागलं.

मार खायची भीती अंगात असली की मेंदू दोनच गोष्टी बघतो, पळायचं की चावायचं. वाचायचं दार तो लावून घेतो. म्हणजे फटके मारून वाचायला शिकवणं हे दार बाहेरून ओढत 'आत ये' म्हणण्यासारखं आहे. तुझंही हेच होतं, धाकट्या. बापाच्या हक्काने अण्णा पट्ट्याने तुझ्यातला जो आळस बाहेर काढायचे, तो आत नव्हताच.

सर शुद्धीवर आले आहेत. बोलतात, ओळखतात.

ताई


५ एप्रिल

ताई,

पत्र कंपाउंडरने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अण्णांचं वाक्य आलं तेव्हा मी त्याला गप्प बसवलं.

उत्तर उशिरा देतोय, कारण मला एकट्याच्या कोठडीत टाकलं होतं. इथे रजिस्टरवर मी अंगठा लावला तर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बघा, मास्तर मारणारे विद्वान." मी त्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. कान अर्धा लोंबला. मग शिपायांनी मला फोडलं. बरगडी दुखते, हसलो की जास्त. तसा हसायचा प्रसंग येत नाही.

मास्तर बोलतो ना? बघतो ना? मग संपलं. भिंगरीची बोटं पुन्हा सरळ होतील का, ते सांग आधी. आणि तू तिच्यापुढे अशी वाकत जाऊ नकोस, डोळा जाईल एखाद दिवशी. ती माझी पोर आहे.

धाकटा


९ मे

धाकट्या,

मी कसं लिहावं याचा फार विचार केला. सरळच लिहिते.

तुझा मास्तर माझ्या खोलीत येतो.

त्यांच्या गावच्या इस्पितळाने आमच्याकडे पाठवलं, कारण आसपास असलं काम दुसरं कोणी करत नाही. दार उघडून आत आले तेव्हा डोक्याच्या मागे केस भादरलेले होते आणि टाक्यांचा व्रण दिसत होता. डॉक्टरांनी कागद पुढे केला. मास्तरांनी पेन घेऊन झरझर लिहिलं, 'माझी प्रकृती आता उत्तम आहे.' सुरेख अक्षर, मोत्यासारखं. डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला, थोडं इकडचं तिकडचं बोलले, मग तोच कागद सुलटा करून म्हणाले, वाचा. ते बघत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. म्हणाले, "ही कोणती लिपी आहे?"

तुझा पाना जिथे बसला तिथेच ती जागा आहे, पाहिलेल्या अक्षराची ओळख पटवणारी. माणसं ओळखतात, फुलं ओळखतात, लिहितातही. पण लिहिलेलं वाचता येत नाही, स्वतःचंसुद्धा. भिंगरीचा रस्ता कच्चा होता. यांचा पक्का होता, तो तू तोडलास.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले नाही. मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही, केंद्रातही कोणाला नाही. आणि सुरुवातीला मला त्यांना बरं करायचं नव्हतं हेही ऐक. मला त्यांना अडखळताना बघायचं होतं. बालवाडीचं पुस्तक पुढे ठेवलं आणि 'घर' वाचायला लावलं. घ की ध, काही केल्या लागेना. घामाघूम झाले. मी मुद्दाम गप्प बसले. मग त्यांनी उठून आपलं कपाळ भिंतीवर आपटलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, गिलाव्यावर रक्ताचा डाग पडेपर्यंत. त्यांना धरायला आलेल्या अटेंडंटच्या नाकावर कोपर बसलं. ते दोघे जमिनीवर आणि मी खुर्चीत. माझ्या मनात आलं, अजून आपट.

त्या विचाराची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून नीट शिकवायला लागले.

ताई


२२ मे

ताई,

त्याला शिकवायचं नाही.

वकील येऊन गेला. तो म्हणतो, मास्तरला कायमचं अपंगत्व आलं असं ठरलं तर माझी शिक्षा दुपटीने वाढेल, आणि वाचायला लागला तर कमी होईल. म्हणाला, तुमची बहीण तुमचंच काम करतेय. मी त्याला म्हटलं, वाढू दे. म्हातारा होईपर्यंत बसेन. पण ज्या हाताने माझ्या पोरीचं बोट धरतेस त्याच हाताने त्याचं धरायचं नाही.

त्याला ओळ वाचता येत नाही ना? मग पट्टी घे. उभी धर. येईल वाचता.

शिकवलंस तर मी तुझा भाऊ नाही.

(लिहिणाऱ्याकडून: सही करायला नकार दिला. कागदही फाडत होते, मी वाचवला.)


३ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता द्यावंच लागतंय. कंपाउंडरसाहेब, हे एका दमात वाचा.

गेल्या आठवड्यात सरांची वेळ संपत आली होती आणि भिंगरी आईचा हात सोडून पुढे पळत आली. दार ढकलून म्हणाली, "आत्या, बघ, बोटं सरळ झाली." मग तिने त्यांना पाहिलं. जागच्या जागी तिला लघवी झाली.

सर तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. म्हणाले, "आत्या?" मी म्हटलं, हो. "म्हणजे तू त्याची बहीण." पुन्हा म्हटलं, हो. त्यांनी खुर्चीला टेकवलेली आपली चालायची काठी उचलली. मी हात मध्ये घातला नाही, खरं तर सुचलंच नाही. काठी डाव्या कानावर बसली. खुर्चीसकट पडले. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं. त्यांनी काठी पुन्हा वर केली, या वेळी दोन्ही हातांनी. तेव्हा भिंगरी किंचाळली. ती काय म्हणाली ते तुला कळायला हवं.

ती म्हणाली, "बाबा, नको."

सरांचा हात वरच थांबला. तिने दोन्ही हात डोक्याच्या मागे बांधले होते आणि त्यांच्या काठीकडे बघत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. बाबा नको, बाबा पुरे. सरांनी काठी खाली टाकली आणि ते तिथेच फरशीवर बसले.

तिला वाईट स्वप्नं पडतात, ती सरांची नाहीत, तुझी आहेत. मार्चपासून मला माहीत होतं. तुला कळवलं नाही, कारण तिच्या मागे कोणीतरी उभं आहे एवढ्या एका गोष्टीवर तू तिथे दिवस काढत होतास. ते तुझ्याकडून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. भिंगरी तुझ्यावर माया करते. पण कोणी मागून आलं की ती आधी डोकं झाकते.

डाव्या कानाचा पडदा फाटलाय. मी पोलिसात गेले नाही. डॉक्टरांना मात्र मी कोण ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला फैलावर घेतलं, ते योग्यच होतं.

त्या दिवशी घरी जाताना भिंगरीने विचारलं, "सरांना वाचता येत नाही?" मी म्हटलं, नाही. तिने वाटेतला एक दगड पायाने ढकलत नेला. मग म्हणाली, "मग त्यांना कोण मारतं?"

तिला काय सांगू, तूच कळव.

ताई


१९ जुलै

ताई,

'बाबा, नको' पाशी कंपाउंडर थांबला. म्हणाला, उरलेलं उद्या. मी त्याची गचांडी धरली, मग त्याने वाचलं. नंतर मी हात भिंतीवर मारत राहिलो. उजवा हात सुजलाय, पण मला तसंही लिहायचं नसतं.

पोरीला उत्तर दे. सांग, त्यांना बाबाने मारलं. आणि वाचता येत नव्हतं म्हणून नाही मारलं. वाचता येत होतं म्हणून मारलं. गॅरेजात चिठ्ठी आली की मालक ती माझ्या नाकासमोर धरायचा, मला येत नाही हे ठाऊक असून. सगळे दात काढायचे. बँकेत, दवाखान्यात, पोरीच्या शाळेच्या सभेत, सगळीकडे तेच. अण्णांपासून आजवर ज्याला ज्याला वाचता येत होतं, त्या सगळ्यांना मी त्या एका डोक्यावर मारलं. पोरीचं निमित्त झालं. निमित्त खरं होतं, पण निमित्तच.

त्याला शिकव. वकिलासाठी म्हणत नाही.

तुझा कान कोणी बघितला की नाही? चांगल्या डॉक्टरला दाखव.

धाकटा


२० ऑगस्ट

धाकट्या,

सर परत आले. डॉक्टरांनी लांबच्या एका केंद्राचं नाव सुचवलं होतं, सर तिकडे गेले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "इथेच यायचं आहे." माफी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. खुर्ची उजवीकडे ठेवली आणि म्हटलं, या बाजूने बोला, त्या बाजूचं दुकान बंद आहे. आता दार उघडं असतं आणि अटेंडंट आत बसतो. त्याचं नाक अजून वाकडं आहे, त्यामुळे तो फार प्रेमाने बघत नाही.

त्यांना अक्षर डोळ्यांनी ओळखू येत नाही, पण हाताला आठवतं. म्हणून अक्षराच्या कडेने नजर फिरवायची आणि तसंच बोट आपल्या तळहातावर फिरवायचं. बोट सांगतं, हा घ. मग पुढचं. गोगलगाईच्या चालीने, पण एक एक शब्द लागतो.

तुझं उत्तर भिंगरीला जसंच्या तसं सांगितलं. ऐकून तिने वाळूचं ताट पुढे ओढलं. टेबलाखाली जाणं कमी झालंय. वाळूतून आता कागदावर आलो आहोत. परवा रस्त्यात एका दुकानाची पाटी तिने स्वतःहून फोडून फोडून वाचली, 'बं-द'. दुकान खरोखरच बंद होतं, म्हणून तिचा अक्षरांवर जरा विश्वास बसला.

बाबाला भेटायला जायचं का, असं कधी कधी विचारते आणि मी उत्तर द्यायच्या आत खोलीतून निघून जाते.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

त्याच्यावर उपचार तूच करतेस म्हणून तुला कोर्टात येऊ दिलं नाही आणि भेटीच्या खोलीत दोघांनाच सोडतात, म्हणून दोन्हीकडचं मीच सांगतो.

मास्तर साक्षीला उभा राहिला. त्याने इस्पितळात स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब माझ्या वकिलाने त्याच्या हातात दिला, म्हणाला, वाचून दाखवा. त्याने कागद डाव्या हातात धरला, कठड्यावर टेकवला आणि उजव्या बोटाने डाव्या मनगटावर गिरवायला लागला. एक शब्द, मग दुसरा. मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. ते हसू मी ओळखतो, ताई, जन्मभर ऐकलंय. मी कठडा ओलांडला आणि त्या हसणाऱ्याच्या तोंडावर ठोसा दिला. मास्तरासाठी मारला असं कोणी म्हणेल. मला ठाऊक नाही कोणासाठी मारला. शिपायांनी मला पायऱ्यांपर्यंत फरफटत नेऊन काठ्यांनी बडवलं, मग पुन्हा आणून उभं केलं. एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

मास्तर पुढे वाचत होता. 'मी विद्यार्थिनीवर कधीही' इथपर्यंत आला आणि बोट थांबलं. न्यायाधीश म्हणाले, "पुढचं वाचता येत नाही का?"

"येतं."

"मग वाचा."

तो म्हणाला, "हे मी लिहिलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. आता वाचलं. हे खरं नाही. मी तिची बोटं मोडली."

बस्स. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पाच वर्षं लागली, त्या ठोशाचे काही महिने वेगळे. मास्तरचीही नोकरी गेली म्हणतात. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पाठ दुखत होती.

आता भेटीचं. मधे जाळी नव्हती, नुसतं लांब टेबल. भिंगरी आईच्या मागून आली. दात बसवलेत, वेगळीच दिसते. माझा डोळा अजून काळानिळा होता. ती पलीकडच्या टोकाला बसली आणि माझ्या तोंडाकडे बघेना, हातांकडे बघत राहिली. मग मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, उताणे, तिला दिसतील असे. बोलत होतो तोवर हलवले नाहीत. नाकावर माशी बसली तरी नाही. तिची आई रडत होती. मी शाळेचं विचारलं नाही. ते इंजिन कसं जोडलंस ते विचारलं. तिने सांगितलं, आधी हळू, मग भराभर, आणि सांगता सांगता एक खुर्ची अलीकडे सरकली. एकच.

शिपाई म्हणाला, वेळ झाली. माझे खांदे भरून आले होते. ती उठली, आईचा पदर धरला, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

म्हणाली, "बाबा, आता हात खाली घेतलेस तरी चालेल."

धाकटा